किल्लेदाराची मुलगी आणि आमचे काका

मार्च आला की मला राग येतो. तसा मला एरवीही येतो, घरचे शपथेवर सांगतील. पण मार्चमधला राग ठेवणीतला असतो. सकाळचं ऊन नऊच्या आत चटके द्यायला लागतं, शेजारच्या आंब्याचा मोहोर गळून आमच्या डोंबिवलीच्या बाल्कनीत येऊन पडतो, वरच्या मजल्यावरून कुणीतरी रसायनशास्त्राच्या व्याख्या घोकत असतं आणि संध्याकाळ झाली की कुठल्यातरी मांडवातून हळदीचा बेंजो सुरू होतो. परीक्षा आणि लग्नं या दोन्ही गोष्टी आपल्याकडे एकाच हंगामात का ठेवल्या आहेत, हे मला आजपर्यंत कुणी पटेल असं सांगितलेलं नाही. मुलग्यांना त्यात फक्त आवाजाचा त्रास होतो. मुलींना दोन्हींपैकी एक निवडावं लागतं, निदान आमच्या वेळी तरी लागायचं.

यंदा या रागात तेल ओतलं ते एका वक्त्यांनी. आमच्याकडच्या एका सभागृहात व्याख्यान होतं, विषय ऐतिहासिक कादंबरी. गृहस्थ विद्वान होते, आवाज खणखणीत होता. तासभर चांगलं बोलले आणि मग शेवटी त्यांना विनोद करायची हुक्की आली. म्हणाले, "आणि एक प्रकार असतो दुपारच्या वामकुक्षीचा. घोड्यावर बसलेली बाई आणि रडका सरदार. बायका उशाशी घेऊन झोपतात. त्यात इतिहास शोधू नका, त्यात फक्त उसासे सापडतील." सभागृह हसलं. माझ्या दोन्ही बाजूंच्या बायकाही हसल्या, आणि त्यांच्या पिशव्यांत काय असतं ते मला चांगलं ठाऊक आहे. मी हसले नाही. उठून बोलावं असं फार वाटलं, पण आभारप्रदर्शन सुरू झालं आणि लोक चहाकडे वळले.

तेव्हा आता इथे बोलते.

लहानपणी आम्ही ठाण्याला वर्तकनगरच्या वसाहतीत राहायचो. एका लांब गॅलरीत ओळीने खोल्या. आमच्या शेजारची खोली माझ्या सख्ख्या काकांची. काका, काकू आणि त्यांची मुलगी मालूताई. माझ्यापेक्षा ती पाच-सहा वर्षांनी मोठी, कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला. खालच्या मजल्यावर पाटकर काकू राहायच्या, आणि टोकाच्या खोलीत भोईर मावशी. मावशींचं मूळ घर जवळच्याच गावात, शेतं होती त्यांची. मुलांच्या शाळेसाठी इथे येऊन राहिलेल्या. या चार घरांत मिळून वाचनालयाचं एकच सभासदत्व होतं, आणि वाचनालयात एका वेळी एकच पुस्तक मिळायचं.

आता एक जाडजूड कादंबरी आणि चार घरांतल्या वाचायला टपलेल्या बायका, यावर आमच्या गॅलरीने जो तोडगा काढला होता तो मी आणखी कुठे पाहिलेला नाही. पुस्तक घरी आलं की पाटकर काकू ब्लेडने त्याची शिवण उसवायच्या आणि त्याचे चार भाग करायच्या. पहिल्या घराने पहिला भाग वाचून पुढे सरकवायचा आणि दुसरा हातात घ्यायचा. सगळ्यांचं वाचून झालं की पाटकर काकू दाभणाने ते परत शिवायच्या, मैद्याची खळ शिजवून पाठीला लावायच्या आणि वर पोळपाट ठेवून दाबायच्या. वाचनालयातले गृहस्थ पुस्तक हातात घेऊन एकदा म्हणाले होते, "तुमच्याकडे गेलं की पुस्तक अंग धरतं हो." पाटकर काकूंनी त्यांच्याकडे अशा काही नजरेने पाहिलं की ते पुन्हा कधी काही बोलले नाहीत.

पाटकर काकू स्वतः मात्र चौथा भाग आधी वाचायच्या. "शेवट गोड आहे ना, तेवढं बघून ठेवते. मग मधे कितीही रडवू दे त्याला," म्हणायच्या. भोईर मावशींना धीर नसायचा. त्या गॅलरीतून ओरडायच्या, "गो, पुढचा भाग कवा देताव? माजी बाय किल्ल्यावं अरकून परली!" अडकलेली बाय म्हणजे अर्थातच नायिका.

मालूताईच्या त्या शेवटच्या वर्षीच्या मार्चमध्ये जी कादंबरी आली होती तिचं नाव आज कुणालाच आठवत नाही. पहिलं पान आणि कव्हर आमच्या आधीच कुणीतरी गिळंकृत केलं होतं. पण नायिका आठवते. किल्लेदाराची एकुलती एक मुलगी. बाप आजारी, म्हणून किल्ल्याच्या चाव्या तिच्या कमरेला. आणि मग पावसापाण्याचा तो सरदार येतो. लढाईतून मागे फिरलेला, धाकटा भाऊ तिथेच टाकून आलेला. त्याला झोप येत नाही, तो कुणाशी नीट बोलत नाही, तटावरून येरझाऱ्या घालतो. भाषा म्हणाल तर यथातथाच होती. दर दोन पानांआड केशरी संध्याकाळ व्हायची, आणि नायिकेचे केस मोकळे सुटल्याशिवाय प्रकरण संपायचं नाही. तिसऱ्या भागात तो सरदार तिला बुरुजावर कोंडून ठेवतो, तिच्याच भल्यासाठी म्हणे. ते मला तेव्हाही आवडलं नव्हतं आणि आज तर मुळीच आवडत नाही. हे सगळं कबूल आहे. व्याख्यात्यांनी यादी काढायच्या आधी मीच काढून देते.

पण मग आम्ही वाचत का होतो?

घोड्यासाठी खचित नाही. वर्तकनगरला घोडा बांधणार कुठे? तलवारीचीही कुणाला हौस नव्हती. रॉकेलच्या रांगेत उभं राहून हात इतके दुखायचे की तलवार उचलवली नसती. त्या मुलीचं आम्हाला अप्रूप होतं ते एवढ्यासाठी की तिला विचारलं जायचं. दाणागोटा किती उरला, दरवाजा उघडायचा की नाही, शरण जायचं की लढायचं, सगळे तिच्या तोंडाकडे बघायचे. आमच्या गॅलरीत भाजी कुठली करायची हे सोडलं तर बायकांना कुणी काही विचारत नसे, आणि भाजीचंही विचारलं जायचं ते नाव ठेवायला.

आणि सरदार. त्याच्या रडकेपणावर त्या दिवशी सभागृह हसलं ना, त्याबद्दल मला जास्त बोलायचं आहे. चौथ्या भागात तो सरदार किल्लेदाराच्या मुलीपुढे येऊन उभा राहतो आणि बोलतो. भावाला टाकून आलो, हे बोलतो. तुला कोंडलं, तुझ्यावर ओरडलो, भीती माझी होती आणि शिक्षा तुला दिली, हे बोलतो. चुकलो म्हणतो. एकदा म्हणून थांबत नाही, चांगली पाच-सहा पानं म्हणतो, आणि ती त्याला लगेच क्षमाही करत नाही. ती पानं कोपऱ्यांवर मळून मऊ झालेली असायची. आमच्या आधी ज्या ज्या घरांत ते पुस्तक गेलं असेल त्या सगळ्या घरांतल्या बोटांनी ती मळवली होती. आमच्या गॅलरीत कुठल्याही पुरुषाने बायकोला चुकलो म्हटलेलं मी कधी ऐकलं नाही, आणि त्या भिंतींतून शेजारच्याची कुजबुजसुद्धा ऐकू यायची. भांडण झाल्यावर माझे वडील फार तर पिशवी उचलून मंडईत जायचे आणि आईला आवडतात म्हणून वांगी आणायचे. ती वांगी म्हणजेच माफी असं आईने समजून घ्यायचं. काका तर वांगीसुद्धा आणत नसत.

तेव्हा यात इतिहास नाही म्हणून जे नाक मुरडतात त्यांना माझं सांगणं आहे, तुम्ही भलतीकडे बोट दाखवताय. बायका घोड्यावर बसत होत्या, किल्ले राखत होत्या, याला इतिहासात दाखले आहेत. कपोलकल्पित काही असेल तर तो चुकलो म्हणणारा पुरुष. त्याला शोधायला आम्हाला राजेरजवाड्यांच्या काळात जावं लागायचं, कारण आमच्या काळात तो कुठे दिसत नव्हता.

माझी मुलगी आता फोनवर तसलंच काहीतरी वाचते. राजवाडा, कट, जखमी राजपुत्र. मी विचारलं, काय आहे गं यात एवढं? ती मान वर न करता म्हणाली, "अगं हीरो सॉलिड टॉक्सिक आहे. पण नंतर सॉरी म्हणतो ना, नीट. कारण देऊन. तो पार्ट भारी असतो." मी पोळ्या लाटत राहिले. पिढी बदलली, पुस्तकाचा फोन झाला, आणि पोरी अजून त्याच पानाशी थांबतात.

त्या मार्चकडे परत येते. मालूताईची शेवटच्या वर्षाची परीक्षा तोंडावर आलेली. ती पहाटे उठून गॅलरीत चटई टाकून हिशेबशास्त्राचा अभ्यास करायची, पाठीला पाण्याचं पिंप टेकून. आणि नेमकं तेव्हाच एक स्थळ आलं. मुलगा चांगला होता, त्याची बदली परराज्यात झाली होती आणि जाण्यापूर्वी लग्न उरकायचं होतं. मुहूर्त परीक्षेच्या ऐन मध्यावर येत होता. मुलाच्या आईने पोहे खाता खाता सहज सांगितलं, "परीक्षा काय, पुढच्या वर्षीही देता येते. नाहीतरी आमच्याकडे नोकरी कुठे करायचीय तिला." काका मान डोलावत होते. मी दाराशी उभी राहून हे सगळं पाहत होते. मालूताईने हातातला ट्रे खाली ठेवला आणि म्हणाली, "मी परीक्षा देणार आहे. तुम्हाला थांबता येत असेल तर परीक्षा झाल्यावर बोलू."

आवाज चढवला नव्हता, उलट बोलली नव्हती. पण पाहुणे चहा न घेता उठले.

पाहुणे जिना उतरेपर्यंत काका गप्प होते. मग त्यांचा जो आवाज लागला तो खालच्या मजल्यापर्यंत गेला. हे हिला शिकवलं कुणी, हा त्यांचा एकच प्रश्न होता. आपल्या मुलीला स्वतःच्या डोक्याने काही सुचलं असेल ही शक्यता त्यांच्या मनाला शिवलीही नाही. कुणीतरी बिघडवलंय, म्हणजे ते सापडलं पाहिजे. त्यांनी तिची पुस्तकं उलटीपालटी केली, मग फडताळ, मग अंथरुणांची वळकटी सोडली. त्यात सतरंजीच्या घडीत कादंबरीचा दुसरा भाग निघाला.

तो घेऊन काका गॅलरीत आले आणि उभ्या उभ्या चाळू लागले. नेमकं हवं ते पान त्यांना सापडलं. किल्लेदाराच्या मुलीचं लग्न परस्पर ठरतं आणि ती भर दरबारात उभी राहून बोलते, तो प्रसंग. काकांनी तो सगळ्यांना ऐकू जाईल असा वाचून दाखवला. "माझ्या लग्नाची बोलणी माझ्या गैरहजेरीत झाली असतील, तर लग्नही माझ्या गैरहजेरीतच होऊ द्या." खरं सांगते, त्या परिस्थितीतही मला ते वाक्य भलतंच आवडलं. भोईर मावशींनी तर तोंडावर पदर घेतला, आणि तो रडण्यासाठी घेतलेला नव्हता.

"बघितलंत?" काका म्हणाले. "हे असलं वाचतात. मग पाहुण्यांसमोर दरबार भरवतात. बास झालं. उद्यापासून कॉलेज नाही, परीक्षा नाही. घरात बसायचं."

मालूताई चौकटीला धरून उभी होती. तिच्या चेहऱ्यावर मी जे पाहिलं ते अजून माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. तीन वर्षांचा तिचा अभ्यास एका फाटक्या कादंबरीच्या एका पानाने वाया जाणार होता. ती काहीतरी बोलायला गेली तर काका म्हणाले, "तू बोलूच नकोस."

तेव्हा काकू बाहेर आल्या. आमच्या काकू म्हणजे काकांसमोर एरवी "हो" आणि "वाढू का" एवढंच बोलणाऱ्या. हात पदराला पुसत त्या म्हणाल्या, "अहो, तो भाग माझा आहे."

काकांना कळलंच नाही. "काय?"

"मी वाचतेय तो. मीच ठेवला होता सतरंजीत. मालूकडे अजून पहिलाच भाग आहे, तिकडे तिच्या पिशवीत असेल बघा. हे पान तिने वाचलेलंच नाही. ती जे बोलली ते तिचं ती बोलली." मग म्हणाल्या, "आणि परीक्षेला मी घेऊन जाईन तिला."

गॅलरीत सगळी दारं उघडी होती. काकांनी काकूंकडे पाहिलं, मग हातातल्या पानांकडे पाहिलं, आणि ती टराटरा फाडून गॅलरीत टाकली. मग आत जाऊन भिंतीकडे तोंड करून झोपले. त्यांच्याकडे दुसरं काही करण्यासारखं उरलंच नव्हतं, असं मला आज वाटतं. तेव्हा मात्र फक्त संताप आला होता.

काकूंनी बोललेलं खरं केलं. पेपर असेल त्या दिवशी डबा भरून मालूताईबरोबर बसने कॉलेजात जायच्या आणि पेपर सुटेपर्यंत फाटकाबाहेरच्या गुलमोहराखाली बसायच्या. काका त्या दिवसांत दोघींशी बोलत नव्हते. मालूताई पास झाली, पुढे नोकरीला लागली, पुढे तिच्या पसंतीने लग्नही झालं.

कादंबरीचं काय झालं म्हणाल, तर सगळ्या गॅलरीत दुसरा भाग वाचलेल्या एकट्या काकूच होत्या. त्यामुळे दुपारी भांडी झाली की बाकीच्या बायका त्यांच्याभोवती बसायच्या आणि काकू तो भाग तोंडी सांगायच्या. "त्या मेल्यानं फारला, आता तूच सांग गो," असं भोईर मावशींनी त्यांना बजावलं होतं. काकू सांगायला लागल्या की थांबत नसत. मला दाट संशय आहे की त्यातलं बरंचसं त्यांनी रचलेलं होतं, कारण किल्लेदाराची मुलगी त्यांच्या तोंडी फारच बोलायला लागली होती. वाचनालयाला काय उत्तर दिलं ते पाटकर काकूंनाच ठाऊक.

आणि इतकं होऊनही पुढची कितीतरी वर्षं आमच्या नात्यात कुणाची मुलगी नाही म्हणाली की लोक म्हणत, कादंबऱ्या वाचून डोकं फिरलंय. मुलगी हो म्हणाली तर ते तिचे संस्कार, नाही म्हणाली तर ते पुस्तकाचं पाप. तिच्या नकाराचं धनीपणसुद्धा तिला द्यायचं नाही! मला या कादंबऱ्यांचा कैवार घ्यायचा आहे तो यासाठीही. त्यांनी कुणाला बिघडवलं नाही. ज्या बायकांच्या मनात आधीच काही होतं त्यांना त्यांनी दुपारची सोबत केली, एवढंच त्यांचं काम.

गेल्या आठवड्यात मी कोपरीला गेले होते, मालूताईकडे. वर्तकनगरच्या जागेचं पुनर्बांधकाम चाललंय, म्हणून काका-काकू सध्या तिच्याकडे असतात. काका खूप थकलेत, पण आवाज शाबूत आहे. मी बसले होते तेवढ्यात शेजारची मुलगी पाया पडायला आली. दुसऱ्या दिवशी तिचा बोर्डाचा पहिला पेपर होता. मालूताईने तिच्या हातावर दही-साखर ठेवली. काकांनी तोंडभर आशीर्वाद दिला आणि म्हणाले, "शीक बाळ, खूप शीक. आमच्या मालूला मीच शिकवलं. परीक्षेत लग्न आलं होतं तिचं, चांगलं स्थळ. मी सांगितलं, लग्न मोडलं तरी चालेल, आधी परीक्षा."

मुलीने कौतुकाने मान हलवली. मालूताई दह्याचं भांडं झाकत होती. तिने वर पाहिलंसुद्धा नाही. म्हणजे हे तिने याआधीही ऐकलं होतं, कितीतरी वेळा ऐकलं असावं.

मुलगी जाईपर्यंत मी कशीबशी गप्प राहिले. मग म्हटलं, "काका, परीक्षा तुम्ही बंद केलेलीत. काकू मधे पडल्या म्हणून ती देऊ शकली. तुम्ही पानं फाडलेलीत गॅलरीत, आम्ही सगळ्यांनी बघितलंय."

"जाऊ दे गं," मालूताई पटकन म्हणाली. "कशाला आता."

"का जाऊ दे?"

काकू खाटेवर बसून लसूण सोलत होत्या. त्यांना हल्ली कमी ऐकू येतं म्हणतात, पण हे ऐकू गेलं. पाकळी खाली ठेवून म्हणाल्या, "ती बरोबर सांगतेय. असंच झालं होतं."

काका खिडकीबाहेर बघायला लागले. खाली कुणीतरी गाडी लावण्यावरून भांडत होतं. मग, आमच्यापैकी कुणाकडेही न बघता, ते म्हणाले, "असेल."

आणि त्यांनी टीव्ही लावायला सांगितला.

मालूताई उठून आत गेली. चहा टाकते म्हणाली. मी मागून गेले तर गॅस पेटवलेला नव्हता. ती ओट्याला टेकून उभी होती आणि ओढणीने डोळे पुसत होती. माझ्याकडे बघून हसली. म्हणाली, "ऐकलंस ना? बाबा असेल म्हणाले."

पन्नाशी उलटलेली बाई, घर चालवणारी, बापाची औषधं सांभाळणारी. एवढ्या वर्षांनी एक असेल मिळाला आणि तेवढ्याने तिला भरून आलं. काकांवर मी आयुष्यभर रागावत आले आहे, पण इतका राग मला त्यांचा कधीच आला नव्हता.